सुईवर लटकलेल्या नोंदी

आमच्या घरात काही हरवलं, की सगळे आधी एक खबरदारी घेतात. मला कळू देत नाहीत. किल्ली हरवू दे नाहीतर चष्मा, घरातले गुपचूप शोधतात. कारण मला कळलं की मी शोधायला लागत नाही, आधी प्रश्न विचारायला लागतो. वस्तू घरातच होती का? शेवटची कुणी पाहिली? सकाळी की संध्याकाळी? मग मी एकेक जागा बाद करत जातो. माझ्या जागा बाद होईपर्यंत धाकट्या मुलीला ती किल्ली दाराच्या कडीलाच सापडलेली असते. "बाबांची गाळणी पुन्हा चालू झाली," असं ती म्हणते. सगळे हसतात, मीही हसतो.

ही खोड मला नोकरीत लागली. आणि ज्या एका शोधात ती अंगात मुरली, तो शोध फसला. नुसता फसला असता तरी चाललं असतं. मी हात घातला नसता तर त्या मायलेकांचं जरा कमी वाईट झालं असतं, असं मला वाटतं. घरात मी यातला सुईचा भाग तेवढा सांगतो, कारण तो गमतीचा आहे. उरलेलं सांगायची वेळ आली की मला पाणी प्यायला उठावंसं वाटतं.

साठ सालानंतरचे दिवस. मी लोणावळ्यात राहायचो आणि रोज सकाळी गाडीने काही स्टेशनं पुढे एका कचेरीत जायचो. तिथल्या दप्तरखान्यात मी कारकून होतो. दप्तरखाना म्हणजे एक लांबट खोली, उजेडाला उंचावर एकच खिडकी, लोकांसाठी व्हरांड्यात उघडणारी गजांची दुसरी, आणि भिंतीभर फळ्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. त्या गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणायचो. एकेका रुमालात गावोगावच्या पोलीस पाटलांनी लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या. पावसाळ्यात वह्या फुगायच्या आणि फडक्यांच्या गाठी सुटायच्या नाहीत. हिवाळ्यात गाठी सुटायच्या, पण तोवर आतली पानं एकमेकांना चिकटून बसलेली असायची.

या वह्यांतली नोंद म्हणजे एक ओळ. तारीख, बापाचं नाव, जात, गाव किंवा वाडी, आणि शेवटी दोन अरुंद रकाने, एक मुलग्याचा आणि एक मुलीचा. जे झालं असेल त्या रकान्यात पाटील एक उभी रेघ मारायचे. बाळाचं नाव नसायचंच, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं. त्यामुळे पंचवीस वर्षांनी एखादा माणूस खिडकीशी येऊन "माझा जन्म काढून द्या" म्हणाला, की त्याच्या नावाचा मला काडीचा उपयोग नसायचा. त्याला स्वतःच्या बाहेरच्या खुणा द्याव्या लागायच्या. साल कुठलं? तर उत्तर यायचं, "बिबट्यानं खालच्या आळीची गाय नेली बगा, त्याच्या म्होरल्या साली." आणि बिबट्याची नोंद मात्र कुठल्याच रुमालात नव्हती.

अशाच एका श्रावणात ते दोघं आले. पन्नाशीची एक बाई आणि तिचा मुलगा. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची एक वाडी होती, तिथली. बाई काटकुळी, डोक्यावर इरलं, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. मुलगा मागे उभा. भरघोस मिशा, रुंद खांदे, आणि कचेरीत आलेला माणूस जसा उभा राहतो तसे हात पुढे बांधलेले.

"भाऊसाहेब, ह्याचा जलम काडून द्या," बाई म्हणाली.

"कशाला पाहिजे, मावशी?"

"कायम करत्यात."

मग मुलाने सांगितलं. कुसगावच्या बाजूला एक कारखाना निघाला होता, तिथे तो तीन वर्षं रोजंदारीवर ओझी उचलत होता. पावसाळ्याचे चार महिने रोजंदारी बंद, तेव्हा वाडीवर परत यायचं आणि रानातले कंद उकरून खायचे. आता कारखाना काही जणांना कायम करणार होता. पण वय पंचविसाच्या आत पाहिजे. शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नाही. म्हणून त्यांना डॉक्टरपुढे उभं केलं.

"बैलाचं बगत्यात तसं दात बगितलं," मुलगा म्हणाला. "हाताचं घट्टं बगितलं. आन् लिवलं अट्ठावीस."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"इचारलंच न्हाई."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"त्येच तर ठावं न्हाई."

"चोविसावं लागलंय!" आई मध्येच कडाडली. "म्या जलम दिला, मला ठावं न्हाई व्हय? डाक्तर काय त्या टायमाला हुता माज्या खोपीत?"

सरकारी वहीतली नोंद आणली तर डॉक्टरचा अंदाज बाजूला ठेवू, असं कारखान्याने सांगितलं होतं. मुदत दसऱ्यापर्यंत. नोंद मिळाली तर पोरगा बारा महिने कामावर, न मिळाली तर पुन्हा ओझी आणि कंद. इतकं सरळ होतं.

मी माझे प्रश्न सुरू केले. बापाचं नाव मुलाने सांगितलं. ते ऐकून मला घाम फुटला, कारण त्या भागातल्या वाड्यांवर पुरुषांची चार-पाचच नावं असायची आणि तीच आजोबांकडून नातवाकडे फिरत राहायची. महिना? "लावणी चालली हुती. गुडघाभर चिकलात हुती मी, तशीच उटून आली." साल? "बांबूला फुलं आल्ती त्या साली." बांबू एका डोंगरावर या वर्षी फुलतो, शेजारच्या डोंगरावर पुढच्या वर्षी. कचेरीतल्या म्हाताऱ्या शिपायाला विचारलं, तर त्याने पाच वर्षांचा पट्टा दिला. पाच वर्षं, आणि त्या पट्टीतली सात-आठ गावं. शे-दोनशे पानं, कुठे मोडीत, कुठे बाळबोधात, आणि एका पाटलाचं अक्षर तर कुठल्याच लिपीत न बसणारं.

इतर कुठला कारकून असता तर "नोंद सापडत नाही" असं लिहून मोकळा झाला असता, आणि आज मला वाटतं की त्यानेच त्यांचं भलं केलं असतं. पण त्याच सुमाराला पुण्यातल्या माझ्या मेहुण्याने मला एक युक्ती दाखवली होती. त्याच्या ऑफिसात जाड कार्डं असायची, त्यांच्या वरच्या कडेला ओळीने भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. उत्तर हवं तसं असेल तर ते भोक कडेपर्यंत कापून मोकळं करायचं. मग सगळी कार्डं जुळवून एका भोकातून लांब सुई घालायची आणि गठ्ठा उचलायचा. ज्यांचं भोक कापलेलं आहे ती कार्डं खाली पडतात. बाकीची सुईवर लटकून राहतात. पडलेली घ्यायची, पुढच्या भोकातून सुई घालायची, पुन्हा उचलायची. हवं ते खाली पडत जातं आणि नको ते वर राहतं.

मला ते पाहून हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आता इतक्या मोठ्या शोधाला शोभेल असं काम आपणहून खिडकीशी आलं होतं.

जाड कागदाचा प्रश्न बाजारातल्या छापखान्याने सोडवला. एक लग्न मोडलं होतं आणि त्याच्या छापून तयार असलेल्या पत्रिका कुणी न्यायला आलं नव्हतं. मागची बाजू कोरी. त्या मी घेऊन आलो. कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत मी वह्यांतून एकेक नोंद एकेका पत्रिकेच्या पाठीवर उतरवायला लागलो. एका बाजूला ठाकराचं मूल, दुसऱ्या बाजूला "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे." दोन आठवडे मी जेवलो तो डाव्या हाताने, असं आमची ही सांगते. ते खोटं आहे, पण फार खोटं नाही.

चारशेच्या वर पत्रिका झाल्या. प्रत्येकीला पंचने चार भोकं. पहिलं मुलग्याचं, दुसरं ठाकर जातीचं, तिसरं त्या वाडीचं, चौथं आषाढ-श्रावणाचं. बापाचं नाव मी डोळ्यांनीच बघणार होतो. एका रविवारी दुपारी स्वैपाकघराच्या फरशीवर मांडामांड केली. लोणावळ्याच्या गारठ्यासाठी ही कायम काहीतरी विणत असायची, तिची लांब सुई मागून घेतली. मागून म्हणजे स्वेटरातून उपसून.

"अहो, बाही उसवेल!"

"सरकारी काम आहे."

"माझ्या भावाची युक्ती, माझी सुई. यात तुमचं काय?"

"मी चुका करतो," मी म्हणालो. मला तो विनोद वाटला होता.

पहिल्या भोकातून सुई घातली. मुलग्यांच्या पत्रिका खाली पडल्या, मुलींच्या वर राहिल्या. जवळजवळ निम्मं काम एका उचलण्यात झालं.

"निम्म्या बायका पहिल्याच फटक्यात गेल्या की," ही म्हणाली.

"शास्त्र आहे," मी म्हणालो. लटकलेल्या पत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधला आणि माळ्यावर टाकला. पुन्हा लागणार नाही म्हणूनच टाकला. मिशीवाला माणूस खिडकीशी उभा राहिलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. तो मुलगा की मुलगी, ही एकच गोष्ट अशी होती की जिच्याबद्दल मी मावशींना प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही विचारला असता?

दुसऱ्या भोकाला साठ-सत्तर पडल्या. तिसऱ्याला वीसेक. चौथ्याला तीन. आणि तिघांपैकी एकाच्या बापाचं नाव तेच! मी फरशीवर बसल्या बसल्या टाळी वाजवली. मुलं धावत आली. चारशेतून एक, अर्ध्या तासात. त्या रात्री मी स्वतःबद्दल जे विचार केले ते आता लिहायला लाज वाटते.

सोमवारी नियमाप्रमाणे मृत्यूची वही उघडली. हे करावंच लागे. त्याच बापाचा, त्याच वाडीचा मुलगा, त्याच साली भाद्रपदात वारलेला. वय दीड महिना.

मायलेक आठवड्याने पुन्हा आले, तेव्हा मी सांगितलं, "मावशी, एक सापडला होता. पण तो जगला नाही. म्हणजे हा नव्हे."

ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. "भादव्यात गेल्याला का?"

"हो."

"त्यो माजाच. ह्याच्या आदीचा." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "ह्याच्या आदी तीन गेलं. तिन्ही पोरगंच. ह्यो चवथा."

इथे माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं. आपल्या घरांतही, मुलगे जगत नसले की पुढच्याला काय काय करतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण मी काय केलं? मी तिच्या सांगण्याची एक नवी खूण करून घेतली. "तीन मयत मुलग्यांनंतरचा," असं वहीत टिपून ठेवलं आणि पाचवं भोक कुठे पाडता येईल याचा विचार करत घरी गेलो.

मग मी चाळण सैल करायला घेतली. आषाढ-श्रावण सोडून ज्येष्ठ-भाद्रपद घेतला. वाडी सोडून शेजारच्या वाड्या घेतल्या. जातीच्या रकान्यात पाटलाने चूक केली असेल म्हणून कोळीही घेतले. दर रविवारी सुई, दर सोमवारी मृत्यूची वही. मुलं कंटाळली. हिच्या स्वेटराची एक बाही तशीच राहिली आणि गौरी-गणपती येऊन गेले. जे जे मी स्वतः गृहीत धरलं होतं ते एकेक करून तपासलं. फक्त पहिली सुई मी पुन्हा उलटी करून पाहिली नाही. ती इतकी खात्रीची होती की ती मी घातली होती हेच मी विसरून गेलो होतो.

दसऱ्याला बारा-तेरा दिवस उरले तेव्हा मीच वाडीवर जायचं ठरवलं. कामशेतला उतरलो आणि भाताच्या बांधांवरून, मग चढणीने, चार तास चाललो. कचेरीतला माणूस स्वतः चालत आला म्हटल्यावर वाडी गोळा झाली. मी आपला दगडावर बसून, दम खात, तेच प्रश्न पुन्हा. एका आबांनी मला बांबूच्या फुलांची, उंदरांची आणि त्या साली खाल्लेल्या सगळ्या पाल्यांची हकिकत सांगितली. तेवढ्यात एक पार वाकलेली म्हातारी काठी टेकत आली. वाडीतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली होती.

"काय हुडकतोय ह्यो?" तिने विचारलं.

"ह्याचा जलम," आबा म्हणाले. "वहीत गावत न्हाई म्हनं."

म्हातारीने मिशीवाल्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "गावंल कसा? ही बया म्हैनाभर पोरगी झाली म्हनून सांगत फिरत हुती. पाटलाचा मानूस आला, त्यालाबी त्येच. दोन वर्सं परकर घातला हुता त्याला. नाकात बाळी. काय गं, खोटं का?"

सगळी वाडी हसली. मुलगा हसला नाही. त्याने हळूच नाकपुडीला हात लावला. "ह्यो वण देवीचा हाय म्हनाल्तीस," तो आईला म्हणाला.

आई डोंगराकडे बघत होती. "मंग काय करू?" ती म्हणाली. "तिघं ओळीनं गेल्यावर?"

मी उतरणीने जवळजवळ धावतच आलो. दोनदा पडलो. घरात शिरल्या शिरल्या माळ्यावर चढलो आणि सुतळीचा गठ्ठा खाली ओढला. सुईसुद्धा लागली नाही. वरून सातवीच पत्रिका. तोच बाप, तीच वाडी, श्रावण, आणि हिशेबाने तेविसावं पूर्ण होऊन चोविसावं लागलेलं. तिचं बरोबर होतं. पहिलं भोक न कापलेलं. मुलीच्या रकान्यात रेघ.

"सापडला!" मी ओरडलो.

हिने पत्रिका हातात घेऊन वाचली आणि म्हणाली, "सापडली."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

सकाळी मी साहेबांपुढे वही उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेब चांगले होते, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहीत मुलगी आहे. नक्कल मुलीचीच जाईल."

"साहेब, माणूस बाहेर उभा आहे. मिशा आहेत."

"मी माणसाची नक्कल देत नाही, वहीची देतो. दुरुस्ती हवी तर आईचा अर्ज, साक्षीदार, वरच्या कोर्टाचा हुकूम. चार-सहा महिने धरा."

नक्कल लिहायला मीच बसलो. दोन रकान्यांमध्ये अंतर किती? करंगळीएवढं. रेघ डावीकडे पडली काय नि उजवीकडे पडली काय, शाई तीच. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. शेवटी वहीत होतं तसंच लिहिलं. त्याला मी पुढे बरीच वर्षं प्रामाणिकपणा म्हणत आलो. खरं म्हणजे मला भीती वाटली.

आणि इथे मी ती गोष्ट केली, जी मी करायला नको होती. त्या नकलेला जोडून मी कारखान्याला दोन पानी पत्र लिहिलं. त्यात सगळी हकिकत, तीन मुलगे, परकर, बाळी, सुईण. "काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं," असं सांगून ते मुलाच्या हातात दिलं. त्याला ते न्यायचं नव्हतं. "भाऊसाहेब, हसतील," तो म्हणाला. मी म्हणालो, कागदाला कुणी हसत नाही.

हसले. आधी टाइमकीपर हसला, मग त्याने ते मोठ्याने वाचलं, मग गेटवरचे हसले. आणि हसून झाल्यावर आतल्या साहेबाने विचारलं की ही नोंद तुझ्या बहिणीची आहे, ती कुठे आहे? दुसऱ्याचा कागद आणून वय कमी दाखवतोस? कायम करायच्या यादीतून नाव गेलंच, रोजंदारीवरूनही काढला. नुसता रिकाम्या हाताने गेला असता तर निदान ओझी तरी उचलत राहिला असता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो आला आणि हे त्याने मला आवाज न चढवता सांगितलं. आई बरोबर होती. मी अर्ज तयारच ठेवला होता. कोर्टाकडून दुरुस्ती झाली की त्या कारखान्यात नाही तर दुसरीकडे, पण हा कागद जन्मभर कामी येईल. सुईण जिवंत आहे, आबा आहेत, साक्षी होतील. आईचा अंगठा तेवढा हवा. मी शाईची पेटी पुढे केली.

"काय लिवलंय ह्यात?" तिने विचारलं.

"की तुम्हाला झाली ती मुलगी नव्हती, मुलगा होता. सरकार वहीत तसं लिहील."

तिने हात पदराखाली घेतला. "न्हाई."

"आये, अंगटा दे," मुलगा म्हणाला.

"न्हाई."

"मावशी, आता कशाची भीती? तो चोवीस वर्षांचा आहे."

"मंग? चोवीस वर्सांची मरत न्हाईत?"

मृत्यूच्या वह्या माझ्याच मागे फळीवर होत्या.

"तिघं गेलं," ती म्हणाली. "ह्यो पोरगी म्हनून ऱ्हायला. आता मीच शिक्का मारून सांगू व्हय, हितं पोरगा हाय, ह्यो बगा?"

"आगं, कोन वाचतंय ती वही!" मुलगा म्हणाला. "ह्या भाऊसाहेबाबिगर कोन उघडतंय तरी? मला काय ती वहीतली पोरगी खाऊ घालनार हाय?"

"जिता तर हायस."

"आसा?" त्याने दोन्ही हात पुढे करून तिला दाखवले. ती त्या हातांकडे बघत राहिली, पण पदराखालचा हात काही बाहेर आला नाही. मी अजून एकदा समजावायला लागलो, कोर्ट म्हणजे काय, हुकूम म्हणजे काय. तिने मान हलवून सगळं ऐकून घेतलं, जसं आपण दुकानदाराचं ऐकतो. मुलगा मध्येच उठला आणि बाहेर पडला. ती त्याच्या मागे गेली. रस्त्यावर तो पुढे चालत होता आणि तिच्यासाठी थांबत नव्हता, एवढं मला त्या उंचावरच्या खिडकीतून, खुर्चीवर चढून, दिसलं.

कारखान्याने दुसऱ्या कुणाला तरी कायम केलं. अर्ज मी काही महिने टेबलाच्या खणात ठेवला. मग दुसरे कागद आले. लग्नपत्रिका मुलांनी फाडून होड्या केल्या, आणि घरात सुईची गोष्ट तेव्हापासून विनोदी म्हणूनच सांगितली जाते.

पौषात ती एकदा आली. एकटीच. पदरात बांधून नवा तांदूळ आणला होता, दोन-तीन शेर असेल.

"मावशी, हे कशाला? माझ्याने काम झालं नाही."

"तुमी लय केलं," ती म्हणाली. "आमच्या वाडीव कचेरीतलं कोन चालत आलंय आदी?"

मी मुलाचं विचारलं.

"गेलाय. खाली, मिठागराव. तितं वय इचारत न्हाईत."

"येतो का घरी?"

"येईल." मग पदराची गाठ सोडत, "अजून आला न्हाई."

तांदूळ परत करावा असं मनात होतं, पण तिने तो माझ्या टेबलावर ओतला आणि पदर झटकला सुद्धा. नोंदींच्या कागदांवर दाणे पसरले. मी ते गोळा करेपर्यंत ती निघून गेली. घरी हिने विचारलं, कशाबद्दल दिला? मी म्हणालो, काम झालं म्हणून. त्या रात्री तो भात झाला, आणि मुलांनी दोनदा मागून घेतला.